सेवाकरारांची वाटाघाट, वितरित संगणनातील

वेगवेगळ्या ठिकाणच्या व बहुधा वेगवेगळ्या मालकीच्या संगणकांनी जाळ्यातून परस्परांस संदेश पाठवून एकत्रितपणे केलेल्या कामास वितरित संगणन म्हणतात. सेवा मागणारा व पुरविणारा यांच्यात किती प्रोसेसर, किती वेळ, कोणता मोबदला व कसूर झाल्यास कोणता दंड, हे आधी ठरावे लागते. ही बोलणी आज्ञावलींनीच परस्पर करावयाची असल्याने प्रत्येक संदेशाचा अर्थ व त्यातून निर्माण होणारे बंधन काटेकोरपणे सांगावे लागते. असे सांगणाऱ्या रचनेस वाटाघाटीचे आकारिक प्रतिमान म्हणतात.

यांपैकी विशेष परिचित म्हणजे रीड जी. स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेला ‘काँट्रॅक्ट नेट’ हा नियमसंच होय. त्यात व्यवस्थापक संगणक कामाची घोषणा करतो, इतर संगणक बोली पाठवितात व निवडलेल्यास काम दिले जाते. सरकारी निविदांशी याचे साम्य उघड आहे. मात्र बोली लावणाऱ्यास ती कितपत बांधते, हा खरा प्रश्न आहे. समजा, एका केंद्रात १०० प्रोसेसर मोकळे असून त्याने तीन व्यवस्थापकांना प्रत्येकी ६० प्रोसेसरांची बोली पाठविली. तिन्ही मान्य झाल्या, तर दोन वचने मोडावी लागतील. उलट पहिल्याच बोलीसाठी ६० राखून ठेवले व ती नाकारली गेली, तर दरम्यानचा काळ ते पडून राहतील. म्हणून बोलीस मुदत घालतात. इयान फॉस्टर, कार्ल केसेलमन व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या ‘स्नॅप’ नियमसंचात कामाचा करार, साधने राखून ठेवण्याचा करार व या दोहोंची सांगड घालणारा करार असे तीन वेगळे करार मानले आहेत.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. संदेश हरवू शकत असतील, तर कितीही पोचपावत्या पाठविल्या तरी करार झाल्याची दोन्ही पक्षांना खात्री देता येत नाही. शेवटचा संदेश हरवूनही करार व्हावयाचा असेल, तर तो संदेश अनावश्यकच ठरतो. तो वगळल्यास त्याआधीच्या संदेशास हाच युक्तिवाद लागू पडतो व अखेर एकही संदेश न पाठविता करार होतो, असा विपरीत निष्कर्ष निघतो. तेव्हा अनिश्चितता कोणी सोसावयाची एवढेच नियमाने ठरविता येते. टपालाच्या बाबतीत कायद्याने हेच केले होते : भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ४ नुसार स्वीकृती रवाना होऊन स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर गेली, की प्रस्तावक बांधला जातो, स्वीकारणारा मात्र ती प्रस्तावकास कळल्यावरच. ओपन ग्रिड फोरमच्या ‘डब्ल्यूएस-ॲग्रीमेंट’ (२००७) या विनिर्देशातही प्रस्ताव पाठविणाराच आधी बांधला जातो. त्यात प्रतिप्रस्तावाची सोय नव्हती. २०११ च्या पुरवणीने ती दिली, पण हे प्रस्ताव-प्रतिप्रस्ताव बंधनकारक मानले नाहीत.

किती व केव्हा नमते घ्यावे, याचे विवेचन खेळ सिद्धांतातून आले आहे (जॉन नॅश, १९५०, एरियल रूबिनस्टाइन, १९८२). रूबिनस्टाइन यांच्या मूळ प्रतिमानात प्रत्येक पक्षास दुसऱ्याची उतावीळ ठाऊक असते. बाजारात तसे क्वचितच घडते. पेमन फराटिन, कार्ल्स सिएरा व निकोलस जेनिंग्ज यांनी १९९८ मध्ये, मुदत जवळ येईल तसतशी मागणी सैल करणारी फलने सुचविली. ती संगणकावर राबविण्यास सोपी आहेत.

नियमसंच कोठे अडून राहतो काय, हे पेट्री जाळ्यांसारख्या साधनांनी सर्व संभाव्य अवस्था तपासून पाहता येते. दोन्ही पक्ष एकमेकांच्या उत्तराची अखंड वाट पाहत बसण्याचा दोष अशा तपासणीत सापडतो. पुरवठादाराने कबूल केलेली सेवा प्रत्यक्षात दिली की नाही, हे मात्र तीतून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र मोजणी लागते. व्यवहारात मोठ्या क्लाउड कंपन्या सामान्य ग्राहकापुढे बहुधा ठरीव अटीच ठेवतात व मोठ्या ग्राहकांशी होणारी घासाघीस प्रायः माणसेच करतात.