उपग्रहांची निवड

लोहगावच्या धावपट्टीवर उतरू पाहणाऱ्या विमानास स्वतःचे स्थान जाणण्यासाठी चार उपग्रह पुरतात, कारण स्थानाची तीन परिमाणे आणि ग्राहकयंत्राच्या घड्याळातील चूक अशी चारच अज्ञाते सोडवावयाची असतात; परंतु ते चार कोणते, हाच खरा प्रश्न आहे. लोहगावाहून पर्वती आणि सिंहगड जवळजवळ एकाच दिशेस येतात, म्हणून त्या दोहोंवरून जागा मुक्रर करणाऱ्या मोजणीदाराच्या रेषा इतक्या लहान कोनात छेदतात की यत्किंचित चुकीनेही छेदबिंदू दूर सरकतो. पर्वतीऐवजी पुरंदर घेतला की तो पुष्कळ स्थिरावतो. आकाशातही एक उपग्रह माथ्यावर व इतर चहूकडे विखुरलेले असावेत. मात्र अगदी क्षितिजालगतचे नकोत, कारण त्यांचे संदेश वातावरणातून फार लांबची वाट तुडवीत येतात.

अचूकतेहून विश्वासार्हता मला अधिक मोलाची वाटते. उपग्रह बिघडल्याचे ओळखण्यास पाच, आणि नेमका तोच वगळण्यास सहा उपग्रह लागतात. त्यातच संदेशांना वाटेत विलंब लावणारे आयनांबर आपल्या अक्षांशांवर मोठे चंचल. म्हणून इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ यंत्रणा भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांस दुरुस्त्या आणि धोक्याचे इशारे पाठविते. उतरतेवेळी उंचीचेही मार्गदर्शन करण्यास तिला २०१५ साली रीतसर मान्यता मिळाली.