चाकांवरचे घर आणि गावाचे शिवार

प्रवासाला निघताना मुक्कामाचे ठिकाण आधी ठरते आणि रस्ता मागाहून ठरतो. कॅराव्हॅनच्या प्रवासात हा क्रम उलटा असतो. झोपण्याची, स्वयंपाकाची व सामानसुमानाची सोय गाडीतच असल्याने अमुक वेळी अमुक ठिकाणी पोचलेच पाहिजे, असे बंधन प्रवाशावर राहत नाही. वाटेत आठवड्याचा बाजार भरलेला दिसला किंवा नदीकडे जाणारा फाटा लागला, की गाडी तिकडे वळू शकते. या प्रवासाचा खरा आनंद अशा आडवाटांत आहे. तथापि प्रत्येक आडवाट कोणत्या ना कोणत्या गावाच्या शिवारातून जाते. म्हणूनच हा विषय हौशी प्रवाशांइतकाच गावकऱ्यांचाही आहे.

हौशी भ्रमंतीचा आरंभ

ज्या देशात या हौसेने मूळ धरले, त्या ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. नौदलातून निवृत्त झालेले शल्यचिकित्सक आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. सुमारे १८ फूट लांबीची व दोन टनांच्या आसपास वजनाची ही गाडी दोन घोडे ओढीत असत. त्याच वर्षी बर्कशायरमधील ट्वायफर्डहून निघून ते स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. त्यांचा सेवक तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन वाटेचा अंदाज घेई. रात्रीच्या मुक्कामासाठी एखाद्या खाणावळीचे आवार किंवा शेतकऱ्याचे कुरण मागून घ्यावे लागे. या प्रवासाचे त्यांचे वर्णन १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे १९०७ मध्ये अशा प्रवाशांचा ‘कॅराव्हॅन क्लब’ स्थापन झाला आणि १९१९ पासून मोटारीमागे जोडावयाच्या गाड्या तयार होऊ लागल्या.

मुक्कामाचे नियमन

घोड्यांच्या जागी मोटारी आल्या तशा गाड्या वाढल्या, आणि शेतकऱ्याच्या सद्भावावर भागणारा मुक्काम हा नियमनाचा विषय बनला. त्यासाठी १९६० मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करण्यात आला. मुक्कामतळासाठी स्थानिक संस्थेचा परवाना आवश्यक ठरला. परंतु लहान शेतकऱ्याची अडवणूक होऊ नये म्हणून काही सवलतीही ठेवण्यात आल्या. एकच गाडी सलग दोन रात्रींपेक्षा अधिक काळ थांबणार नसेल आणि त्या जमिनीचा असा वापर बारा महिन्यांत २८ दिवसांहून जास्त होणार नसेल, तर परवाना लागत नाही. तसेच मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेल्या जागेवर एका वेळी पाच गाड्यांपर्यंत मुभा आहे. मात्र या प्रमाणपत्राची मुदत एका वर्षाहून अधिक नसते. या तरतुदीमुळे शेताच्या एका कोपऱ्यावर चार-पाच गाड्यांची सोय करून जोड उत्पन्न मिळविणे शेतकऱ्याला शक्य झाले आणि प्रवाशालाही मोठ्या तळावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही.

दुसरी बाजू

या इतिहासाला एक वेदनादायक बाजूही आहे. चाकांवरच्या घराची कल्पना स्टेबल्स यांना ज्यांच्या गाड्यांवरून सुचली, त्या जिप्सी, म्हणजेच रोमा लोकांचे जीवनच फिरतीचे होते. त्यांच्या भाषेचे मूळ भारतात आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. १९६० च्या कायद्याने सामाईक जमिनींवर गाड्या उभ्या करण्यास मनाई करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला आणि या लोकांच्या परंपरागत मुक्कामाच्या जागा आटत गेल्या. त्यांच्यासाठी तळ उपलब्ध करण्याचे कर्तव्य १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर सोपविले. १९९४ मध्ये ते रद्द झाले. हौसेने फिरणाऱ्याचे स्वागत आणि पोटासाठी फिरणाऱ्याची हकालपट्टी, हा विरोधाभास दुर्लक्षिण्यासारखा नाही. भटक्या जमातींची मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात तर तो विशेष जाणवावा.

आपल्या गावांसाठी बोध

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. धोरणाने दिशा मिळते. परंतु गाडी प्रत्यक्ष थांबते ती गावात. प्रवाशाच्या गाडीत बिछाना असतो, चूलही असते. त्यामुळे गावाने काही देऊ केले नाही, तर तो केवळ कचरा व सांडपाणी मागे ठेवून पुढे जाईल. उलट पिण्याचे पाणी, मैलापाण्याच्या विल्हेवाटीची सोय, विजेची जोडणी, गाडी वळविण्याइतका पक्का रस्ता आणि ताजी भाजी, दूध, भाकरी मिळण्याचे ठिकाण असेल, तर तोच प्रवासी गावात पैसा खर्च करील. यासाठी विस्तीर्ण तळ उभारण्याची आवश्यकता नाही. शेतकऱ्याच्या बांधालगतची थोडी जागाही पुरेशी ठरू शकते.

जागा निवडताना मात्र गायरानावर चरणारी गुरे, पाणवठ्यावर येणाऱ्या स्त्रिया आणि वर्षानुवर्षे त्याच माळावर पाल टाकणारी भटकी कुटुंबे यांचा विचार आधी व्हावयास हवा. कोठे थांबावे, किती दिवस थांबावे आणि पाणी कोठे सोडावे, हे ग्रामसभेत चर्चा करून ठरले, तर आडवाटेने आलेली गाडी गावाला भार वाटणार नाही. अवचित आलेल्या पाहुण्याचे आदरातिथ्य ही आपल्या खेड्यांची जुनी रीत आहे. त्या रीतीला थोड्या नियोजनाची जोड मिळाल्यास पाहुणा आणि यजमान या दोघांचेही हित साधेल.