तळहातावरचे विमान

धातूची छोटी विमाने ओतणारी कंपनी काढावी, हे स्वप्न आम्ही बरीच वर्षे उराशी बाळगून आहोत. ऐकणारे हसतात. पण १९४७ साली लंडनमध्ये नौदलातून परतलेल्या लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ (आडनाव एक, नाते नाही) या मित्रांनी एका बंद पडलेल्या गुत्त्यातच डायकास्टिंग सुरू केले होते. त्यांच्या लेस्नी कंपनीच्या 'मॅचबॉक्स' गाड्या पुढे जगभर गेल्या.

यात वापरला जाणारा झामॅक म्हणजे जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम घातलेला मिश्रधातू. तो ३८० ते ३९० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून भट्टी फार मोठी लागत नाही. मात्र जस्त शुद्धच हवे. स्वस्त भंगारातून शिसे मिसळले, तर काही वर्षांनी कपाटात ठेवलेले विमान तडकून त्याचा भुगा होतो आणि गिऱ्हाईक आपले नाव घेऊन शिव्या देते!

खरा पैसा डायमध्ये अडकतो. ७०.७ मीटरचे बोइंग ७४७-४०० एकास चारशे प्रमाणात १७.७ सेंटिमीटरचे होते. त्यात पंख, इंजिने, चाके सारे नेमके बसले पाहिजे. एकाच डायमधून निघालेले विमान वेगवेगळ्या कंपन्यांच्या रंगांत विकता येते, कमाई तिथेच. पण बोधचिन्ह छापायला त्या कंपनीची लेखी परवानगी लागते. माल मुलांचे खेळणे म्हणून विकायचा, तर २०२१ पासून आयएसआय मार्कही सक्तीचा.

लेस्नी १९८२ साली दिवाळखोरीत गेली, हेही आम्ही विसरलेलो नाही. म्हणून पहिला डाय एकच, तोही साठवलेल्या पैशांतून. घराच्या कागदांना हात लावायचा नाही, असे घरी कबूल करून बसलो आहोत.