ढगांआडची धावपट्टी : सिम्युलेटरवरील वैमानिकाचे शिक्षण

पावसाळ्यातील एखाद्या दुपारी मुंबईला उतरणाऱ्या विमानातील प्रवाशाला खिडकीबाहेर पांढऱ्या पडद्यावाचून काही दिसत नाही. काही मिनिटे अशीच जातात. मग एकाएकी पडदा फाटतो, खाली पत्र्यांची छपरे आणि ओले रस्ते दिसतात आणि थोड्याच वेळात चाके जमिनीला टेकतात. प्रवाशाला सहसा ठाऊक नसते की, त्या काही मिनिटांत वैमानिकालाही बाहेरचे काहीच दिसत नव्हते. समोरच्या उपकरणांवर नजर ठेवून त्याने विमान धावपट्टीच्या तोंडाशी आणलेले असते. वैमानिकाच्या शिक्षणातील अतिशय कठीण भागांपैकी हा एक असून, त्याचा बराचसा अभ्यास आज जमिनीवरच, सिम्युलेटर नावाच्या यंत्रात बसून केला जातो.

मोठ्या विमानतळांवर या कामी रेडिओलहरींचे साहाय्य मिळते. एक लहर विमान धावपट्टीच्या मध्यरेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगते. दुसरी लहर ते ठरलेल्या उताराच्या वर आहे की खाली हे दर्शविते. हा उतार सामान्यतः ३ अंशांचा असतो, म्हणजे दर सागरी मैलामागे विमान सुमारे ३०० फूट खाली येते. या पद्धतीच्या सर्वसाधारण प्रकारात धावपट्टीपासून २०० फूट उंचीवर निर्णयाची घटका येते. तोपर्यंत धावपट्टी अथवा तिचे दिवे दिसले तर उतरावयाचे. न दिसल्यास इंजिनांना पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जावयाचे. या वर जाण्यास वैमानिकांच्या बोलीत ‘गो-अराउंड’ म्हणतात. नियम एका वाक्यात सांगून होतो. तो अंगवळणी पडण्यास मात्र शेकडो वेळा सराव करावा लागतो.

शरीर फसवते

एवढ्या सरावाची गरज का पडते, याचे उत्तर मनुष्याच्या कानात आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला वळण्याची जाणीव होते. परंतु विमान एकाच गतीने वीसएक सेकंद वळत राहिले की तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव मावळते. विमान वळत असते, वैमानिकाला मात्र ते सरळ चालले आहे असे वाटते. अशा वेळी त्याने ते खरोखरच सरळ केले, तर आता आपण उलट दिशेला वळत आहोत असा भास होतो. जमिनीवर डोळे ही चूक सुधारून घेतात. ढगात डोळ्यांना धरावयास क्षितिजच उरत नाही.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली यासंबंधी एक प्रयोग झाला. उपकरणांवर विमान चालविण्याचे शिक्षण न मिळालेल्या २० वैमानिकांना, बाहेरचे दिसणार नाही अशी व्यवस्था करून, उड्डाण करावयास लावले. त्यांतील प्रत्येकाचा विमानावरील ताबा सुटला. त्यास लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी. सोबत प्रशिक्षक होते म्हणून हा प्रयोग प्रयोगच राहिला.

उपकरणांवर विश्वास ठेवावा, एवढे सांगूनही भागत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आतच वांद्र्यापलीकडे समुद्रात कोसळले आणि आतील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा कल दर्शविणारे कप्तानासमोरील उपकरण बिघडून, विमान उजवीकडे कलले आहे असे दाखवीत होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. कप्तानाने विमान डावीकडे वळविले आणि ते कलतच गेले. अन्य उपकरणे ताळ्यावर होती; त्यांच्या आधारे विमान वेळीच सावरले गेले नाही. म्हणून शिक्षणार्थ्याला पहिली सवय लावावी लागते ती नजर फिरती ठेवण्याची. कलदर्शकावरून उंचीमापकाकडे, तेथून पुन्हा कलदर्शकाकडे, मग दिशा, मग वेग असे हे भ्रमण अखंड चालते. प्रत्येक उपकरणाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीशी ताडून पाहावयाची असते.

बाजाच्या भात्यापासून

ही सवय जमिनीवर लावता येईल, ही कल्पना एका वाद्यनिर्मात्याच्या मुलाची. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरण्याचे भाते आणि झडपा वापरून लिंकने १९२९ च्या सुमारास एक लाकडी विमान उभे केले. दांडा हलविताच ते जागच्या जागी कलत असे, वळत असे. प्रारंभी लोकांनी ते करमणुकीचे साधन मानले आणि मनोरंजन उद्यानांत त्याला गिऱ्हाईक मिळाले. १९३४ साली अमेरिकेत हवाई टपालाचे काम लष्कराकडे सोपविण्यात आले, तेव्हा खराब हवेत उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेले अनेक वैमानिक अल्पावधीत प्राणास मुकले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या लक्षावधी वैमानिकांनी या ‘निळ्या पेटी’त बसून शिक्षण घेतले.

आजचे पूर्ण क्षमतेचे सिम्युलेटर म्हणजे एखाद्या विशिष्ट विमानाचे हुबेहूब वैमानिककक्ष होय. ते सहा यांत्रिक पायांवर उभे असते आणि बाहेरचे दृश्य संगणक दाखवितो. यातील एक गंमत सांगण्यासारखी आहे. एका खोलीत उभे असलेले हे यंत्र धावपट्टीवर वेग घेतल्याचा भास कसा निर्माण करते? ते कक्ष हळूच मागे कलते करते आणि समोरचे दृश्य मात्र सपाटच ठेवते. शरीराचा भार पाठीवर येतो आणि कान तो भार वेगाचा समजतो. ज्या भ्रमाशी झुंजावयास वैमानिकाला शिकवावयाचे, त्याच भ्रमाच्या बळावर हे यंत्र चालते!

काठमांडूचा धडा

कठीण अवतरणाचा सराव म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी काठमांडूचे उदाहरण घेणे सोयीचे. त्रिभुवन विमानतळ समुद्रसपाटीपासून १,३३८ मीटर, म्हणजे सुमारे ४,३९० फूट उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाला आधी महाभारत पर्वतरांग ओलांडावी लागते आणि मग थोड्या अंतरात बरेच खाली यावे लागते. रेडिओकेंद्राच्या आधाराने येण्याच्या येथील जुन्या पद्धतीत अखेरचा उतार पाच अंशांहून अधिक आहे. इतरत्र सागरी मैलामागे ३०० फूट, तर येथे साडेपाचशेहून अधिक. हा उतार सलग नसून जिन्याच्या पायऱ्यांसारखा आहे : केंद्रापासून इतक्या मैलांवर इतकी उंची, त्याखाली जावयाचे नाही, पुढील अंतर गाठल्यावरच पुढील पायरी.

१९९२ साली येथे दोन महिन्यांत दोन भीषण अपघात घडले. ३१ जुलै रोजी थाई एअरवेजचे विमान उतरण्याच्या बेतात असताना पंखांच्या फ्लॅपमध्ये अडचण उद्भवली. ती सोडविण्याच्या आणि नियंत्रकाशी चाललेल्या संभाषणाच्या गोंधळात विमान विमानतळ मागे टाकून उत्तरेकडे गेले आणि लांगटांगच्या डोंगरावर आदळले. ११३ जणांचा अंत झाला. २८ सप्टेंबर रोजी पाकिस्तानच्या विमानाने पायऱ्यांचा हिशेब चुकविला. प्रत्येक टप्प्यावर असावयास हवे त्याहून ते बरेच खाली, जणू एक पायरी पुढे होते. दक्षिणेकडील डोंगरात ते कोसळले आणि १६७ जण दगावले. नियंत्रकाला विमान दाखविणारे रडार त्या काळी काठमांडूला नव्हते. पुढे रडार आले आणि आता उपग्रहांच्या मार्गदर्शनाने, तुलनेने सौम्य उताराने येण्याची सोयही झाली आहे.

सिम्युलेटरवर हा धडा उतरण्यापूर्वीच सुरू होतो. शिक्षणार्थी नकाशा समोर घेऊन सहवैमानिकाला सर्व क्रम मोठ्याने सांगतो : केंद्राची कंप्रता, दिशा, प्रत्येक अंतरावरील उंची, निर्णयाची उंची आणि दिसले नाही तर कोणत्या बाजूने, कोठवर वर जावयाचे. मग हिशेब. ३ अंशांच्या उतारासाठी एक सोपे गणित आहे : जमिनीसापेक्ष वेग नॉटमध्ये घेऊन त्याचा निम्मा करावा व त्यापुढे एक शून्य लावावे. १२० नॉटना मिनिटाला ६०० फूट. काठमांडूस हे गणित लागू पडत नाही, कारण उतार तीव्र. शिवाय विरळ हवेमुळे वेगमापक दाखवितो त्याहून विमान प्रत्यक्षात अधिक वेगाने पुढे जात असते. परिणामी मिनिटाला तेराशे-चौदाशे फूट खाली यावे लागते आणि तेवढ्या उतारावर वेगही आटोक्यात ठेवावा लागतो. इंजिनांचा जोर आणि फ्लॅपची स्थिती आधीच न ठरविणाऱ्यास पहिल्या प्रयत्नात हे सहसा साधत नाही.

हवेचा दाब उंचीमापकावर चुकीचा लावला, तर काय होते हेही येथेच कळते. दाबातील एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत सुमारे २८ फुटांची. १० हेक्टोपास्कलची चूक झाली की उंचीमापक निर्णयाची २०० फूट उंची दाखवीत असताना चाके जमिनीला टेकलेली असतील. वर्गात हे वाक्य लिहून घेतलेला विद्यार्थी विसरतो. सिम्युलेटरच्या पडद्यावर ढगातून अवचित डोंगर आलेला पाहिलेला विसरत नाही.

प्रशिक्षक मागे बसून ढगांची उंची बदलतो, वारा फिरवितो, इंजिन बंद पाडतो. चूक झाली की दृश्य गोठवितो, काय घडले ते दाखवितो आणि विमान पुन्हा वीस मैल मागे नेऊन ठेवतो. खऱ्या विमानात एक फेरी पुन्हा करावयाची म्हणजे वेळ आणि इंधन. येथे तासाभरात सहा-सात फेऱ्या होऊ शकतात, आणि जिवाला धोका नाही.

परत फिरणे

या सर्वांत शिकविण्यास अवघड गोष्ट हाताची नव्हे, मनाची आहे. इतका लांबचा प्रवास करून धावपट्टी अगदी समोर आली असता उतरणे सोडून देणे माणसाला जड जाते. २२ मे २०१० रोजी मंगळुरू येथे दुबईहून आलेले विमान फार उंचावरून व वेगाने आले. सहवैमानिकाने गो-अराउंड करण्याविषयी एकाहून अधिक वेळा सांगितले, यंत्राने इशारे दिले. तरी कप्तानाने अवतरण चालू ठेवले. पठारावरील धावपट्टी संपली, विमान दरीत गेले आणि १५८ जण मरण पावले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे पावसात, पाठीवर वारा घेऊन उतरलेले विमान धावपट्टीवर बरेच पुढे टेकले व पलीकडे घसरले. २१ जणांचा बळी गेला. अस्थिर अवतरण न सोडणे हे दोन्ही चौकशांत मुख्य कारण म्हणून पुढे आले. दोन्ही ठिकाणी विमान चालविणारे कप्तान अनुभवी होते, हे विशेष.

यामुळेच चांगले प्रशिक्षक गो-अराउंडला अपयश म्हणून मोजत नाहीत. ठरावीक उंचीपर्यंत वेग, उतार व दिशा मर्यादेत नसतील, तर कारण विचारीत न बसता वर जाणे हीच योग्य कृती मानली जाते. सहवैमानिकाने तसे म्हटले की कप्तानाने ऐकावयाचे, याचीही उजळणी सिम्युलेटरमध्ये दोघांनी मिळून करावयाची असते. ज्येष्ठासमोर कनिष्ठाने स्पष्ट बोलणे आपल्या कचेऱ्यांतही सोपे नसते. वैमानिककक्षात ते शिकवावे लागते.

घरातील संगणकावर

घरगुती संगणकावरील विमानाचे खेळही आता बरेच प्रगत झाले आहेत. मायक्रोसॉफ्टचा असा कार्यक्रम १९८२ साली निघाला. आज त्यांत जगभरचे विमानतळ आणि खरे हवामानही मिळते. हाँगकाँगचे काइ टाक विमानतळ १९९८ साली बंद झाले. तेथे लहरींच्या आधारे एका टेकडीवर रंगविलेल्या चौकटींच्या रोखाने यावे लागे आणि मग इमारतींच्या माथ्यावरून उजवीकडे ४७ अंशांचे वळण घ्यावे लागे. पडद्यावर हौशी मंडळी आजही तेथे उतरत असतात.

गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील मुलांनाही हे क्षेत्र आता अगदी परके राहिलेले नाही. अशा मुलांना शाळेतील वा घरातील संगणकावर हा सराव करावा का, असे शिक्षकांना विचारले जाते. करावा, पण त्याच्या मर्यादा ओळखून. परवान्यासाठी हे तास धरले जात नाहीत. मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचेही ठरावीक मर्यादेपर्यंतच धरले जातात. घरच्या यंत्रात कान फसत नाही, घाम फुटत नाही, आणि मुख्य म्हणजे ‘थांबा’ची कळ हाताशी असते. नकाशा वाचणे, उपकरणांवर नजर फिरविणे, उंचीचा हिशेब आणि क्रम पाठ होणे एवढे मात्र तेथे उत्तम साधते. ती कळ न वापरता, शेजारी एखाद्या मित्राला उंची मोठ्याने वाचावयास बसवून, बाहेरचे दृश्य ढगांनी झाकून सराव केल्यास त्याचे मोल वाढते.

मोठ्या सिम्युलेटरमधील परीक्षेत शेवटच्या फेरीला प्रशिक्षक ढगांची उंची स्वतःपुरती ठरवितो. ५०० फूट, ३०० फूट, २०० फूट असे आकडे सहवैमानिक वाचीत जातो. अखेरच्या आकड्याला समोर दिवे उजळतील की पांढरा पडदा तसाच राहील, हे शिक्षणार्थ्याला आधी सांगितलेले नसते.