राजाला जाब कोण विचारणार?

राष्ट्रपतींवर खटला भरता येतो का? हा प्रश्न आपल्या बडोद्याला अगदीच परका नाही. १८७५ साली इथेच महाराज मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. आरोप गंभीर होता: ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घालायला लावल्याचा.

चौकशी मंडळात सहा जण होते, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना तसं वाटलं नाही. तीन विरुद्ध तीन! तरीही एप्रिलमध्ये मल्हाररावांची गादी गेली. कारण सांगितलं ते विषाचं नव्हे, गैरकारभाराचं. आणि कारभार सुधारायला सरकारनेच दिलेली मुदत ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत होती!

गैरकारभार खोटा होता, असं मी म्हणत नाही. पुढे सयाजीराव आले आणि बडोद्याचं भलंच झालं. पण म्हणून ती रीत न्यायाची ठरते का? आरोप करणारं, पंच नेमणारं आणि शेवटी निर्णय देणारं सरकार एकच होतं.

आपल्या राज्यघटनेने हे नियम आधीच लिहून ठेवले. कलम ३६१ प्रमाणे राष्ट्रपती आणि राज्यपाल आपल्या अधिकारातल्या कृतींसाठी कोर्टाला उत्तर द्यायला बांधील नाहीत. पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटलाही चालत नाही. म्हणजे मोकळं रान? तसं नाही. घटनाभंग केला तर कलम ६१ खाली महाभियोग आहे. एक सभागृह आरोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं. दोन्हीकडे एकूण सदस्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. आजवर एकाही राष्ट्रपतीवर ती वेळ आलेली नाही.

शिवाय संरक्षण व्यक्तीला आहे, निर्णयाला नाही. राष्ट्रपती राजवटीची घोषणा कोर्ट तपासू शकतं, हे बोम्मई खटल्यात १९९४ साली ठरलं. २००६ मध्ये तर बिहार विधानसभेचं विसर्जन सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. राज्यपालांना कोर्टात यावं लागलं नाही, पण निर्णय टिकला नाही.

अमेरिकेत १ जुलै २०२४ च्या निकालाने माजी राष्ट्राध्यक्षांनाही अधिकृत कृतींबाबत फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण दिलं. खासगी कृतींना ते नाही. पण अधिकृत कुठे संपतं आणि खासगी कुठे सुरू होतं, यावरच आता वाद घालावा लागणार.

मला वाटतं, राजाला जाब विचारायलाच हवा. पण कोण विचारणार आणि कोणत्या नियमाने, हे राजा आवडतो की नावडतो हे ठरण्याआधीच लिहिलेलं असावं.