अमेरिकेतील दुय्यम श्रेणीच्या व्यावसायिक फुटबॉल लीग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये मेजर लीग सॉकर, संक्षेपाने एमएलएस, या प्रथम श्रेणीच्या लीगखाली खेळल्या जाणाऱ्या द्वितीय व तृतीय श्रेणीच्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धांना दुय्यम श्रेणीच्या लीग म्हटले जाते. युनायटेड सॉकर लीग म्हणजेच यूएसएल, इ.स. २०११ ते २०१७ या काळात खेळली गेलेली दुसरी नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग म्हणजेच एनएएसएल आणि २०२२ पासूनची एमएलएस नेक्स्ट प्रो या त्यांपैकी प्रमुख होत. या लीगांमध्ये जवळजवळ दरवर्षी नवे क्लब दाखल होतात आणि जवळजवळ दरवर्षी जुने क्लब बंद पडतात. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही गोष्टी एकाच रचनेतून निर्माण झाल्या आहेत.

रचना

युरोपातील बहुतेक देशांत खालच्या श्रेणीतील अव्वल संघ पुढील हंगामात वरच्या श्रेणीत जातो आणि तळाचा संघ खाली येतो. अमेरिकेत ही बढती-पदावनतीची पद्धत रुजली नाही. तेथील क्लब हा इंडियन प्रीमियर लीगमधील संघाप्रमाणे फ्रँचायझी असतो. मालक लीगला प्रवेश शुल्क देऊन एका विशिष्ट शहरासाठी हक्क विकत घेतो. त्यामुळे द्वितीय श्रेणीचे विजेतेपद मिळवूनही क्लबला वर जाता येत नाही. वर जायचे असल्यास एमएलएसचे प्रवेश शुल्क भरावे लागते. टोरोंटोच्या क्लबने २००७ मध्ये पदार्पण करताना सुमारे १ कोटी डॉलर भरले होते. सॅन डिएगोला २०२३ मध्ये मिळालेल्या हक्कासाठी हीच रक्कम सुमारे ५० कोटी डॉलर असल्याचे सांगितले गेले.

याचा परिणाम असा, की दुय्यम लीग आपले क्लब दोन्ही टोकांनी गमावते. सर्वांत यशस्वी क्लब वर निघून जातात आणि दुर्बल क्लब दिवाळे काढतात. व्हँकूवर व पोर्टलंड (२०११), मॉन्ट्रियल (२०१२), ओरलँडो (२०१५), मिनेसोटा (२०१७), सिनसिनाटी (२०१९) आणि नॅशव्हिल (२०२०) हे सर्व दुय्यम श्रेणीत वाढून एमएलएसमध्ये गेलेले क्लब होत. एफसी सिनसिनाटीने २०१६ मधील आपल्या पहिल्याच हंगामात दर सामन्याला सरासरी १७ हजारांहून अधिक प्रेक्षक जमवले. तीन हंगामांनंतर तो यूएसएलमध्ये नव्हता. अशा जागा भरण्यासाठी लीगला नवे मालक शोधावे लागतात. त्यांचे प्रवेश शुल्क हा लीगच्या उत्पन्नाचाही भाग असतो. विस्तार थांबवणे लीगला सहसा परवडत नाही ते त्यामुळेच.

श्रेणींची मान्यता

कोणती लीग कोणत्या श्रेणीची, हे युनायटेड स्टेट्स सॉकर फेडरेशन ठरवते. वारंवार होणाऱ्या पडझडीमुळे फेडरेशनने २०१० मध्ये आपले निकष कडक केले. द्वितीय श्रेणीच्या क्लबच्या प्रमुख मालकाची वैयक्तिक संपत्ती किमान २ कोटी डॉलर असावी, स्टेडियमची क्षमता किमान ५,००० असावी, लीगमध्ये प्रारंभी किमान आठ आणि सहाव्या वर्षापर्यंत बारा संघ असावेत व ते देशाच्या वेगवेगळ्या वेळपट्ट्यांत विखुरलेले असावेत, अशा या अटी आहेत. हंगाम अर्ध्यावर बंद पडू नये म्हणून प्रत्येक क्लबकडून अनामत हमीही घेतली जाते. तृतीय श्रेणीसाठी संपत्तीची मर्यादा १ कोटी डॉलर आणि स्टेडियमची क्षमता १,००० आहे.

क्लबची स्थिती मालकाच्या तिजोरीवर अवलंबून असते, हे वास्तव या निकषांनी मान्य केले. मात्र श्रीमंत मालकाचा उत्साह किती काळ टिकेल, हे कोणत्याही निकषाने मोजता येत नाही. शिवाय वेळपट्ट्यांच्या अटीमुळे संघांना लांबचे विमानप्रवास करावे लागतात. प्रेक्षक मर्यादित आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न अल्प असलेल्या क्लबसाठी हा खर्च जड असतो.

२००९ मधील फूट

टेक्सासमध्ये फ्रान्सिस्को मार्कोस यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या इनडोअर लीगमधून पुढे यूएसएल ही संघटना उभी राहिली. कालांतराने द्वितीय व तृतीय या दोन्ही श्रेणींच्या लीग ती चालवू लागली. अम्ब्रो ही कंपनी ताब्यात घेतल्यामुळे यूएसएलचे नियंत्रण नाइकीकडे आले होते. नाइकीने ऑगस्ट २००९ मध्ये ती न्यूरॉक सॉकर होल्डिंग्ज या कंपनीला विकली. लीगची मालकी क्लबांकडे असावी अशी अनेक क्लबमालकांची मागणी होती. ती डावलली गेल्याने त्यांनी वेगळी चूल मांडली आणि १९८४ च्या हंगामानंतर बंद पडलेल्या एनएएसएलचे नाव धारण केले. पेले ज्या लीगमध्ये खेळले होते, तिच्याशी या नव्या लीगचा संबंध नावापुरताच होता.

फेडरेशनने २०१० साठी दोघांपैकी कोणालाही द्वितीय श्रेणी दिली नाही. दोन्ही गटांतील बारा संघांची एक तात्पुरती लीग त्या वर्षी तिने स्वतःच चालवली. एका क्रीडा महासंघाला क्लबांच्या भांडणापायी लीगचा कारभार हाती घ्यावा लागणे, ही विरळा घटना होय. हंगाम संपताच बॉल्टिमोर आणि सेंट लुई येथील क्लब बंद पडले.

दुसरी एनएएसएल

२०११ मध्ये एनएएसएल आठ संघांसह सुरू झाली. त्यांपैकी मिनेसोटाच्या संघाला मालक नव्हता. लीगच त्याचा खर्च उचलत होती आणि त्याच संघाने पहिले विजेतेपद पटकावले. ट्रॅफिक स्पोर्ट्स या ब्राझीलमधील विपणन कंपनीची लीगमध्ये आणि तिच्या काही क्लबांत मोठी गुंतवणूक होती. मे २०१५ मध्ये फिफामधील लाचखोरीचे प्रकरण अमेरिकी न्याय खात्याने उघड केले, तेव्हा ट्रॅफिकची अमेरिकी शाखा आणि तिचे प्रमुख ॲरन डेव्हिडसन हे दोघेही आरोपींमध्ये होते. डेव्हिडसन त्या वेळी एनएएसएलच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते.

लीगचा विस्तार तरीही चालूच राहिला. न्यू यॉर्क कॉसमॉस २०१३ मध्ये परतला. ओटावा व इंडियानापोलिस २०१४ मध्ये, जॅक्सनव्हिल २०१५ मध्ये आणि मायामी, ओक्लाहोमा व पोर्तो रिको येथील क्लब २०१६ मध्ये आले. स्पेनच्या रायो वायेकानोचे नाव घेऊन आलेला ओक्लाहोमाचा क्लब एकच हंगाम टिकला. मालकांमधील वाद इतका विकोपाला गेला, की हंगाम चालू असतानाच एका भागीदाराने मैदानावरील कृत्रिम हिरवळीचा बराचसा भाग उचलून नेला. फोर्ट लॉडरडेलच्या मालकांनी पैसे देणे थांबवल्याने त्या क्लबचा हंगाम लीगला स्वतःच्या खर्चाने पुरा करावा लागला. टॅम्पा बे आणि ओटावा यांनी यूएसएलची वाट धरली. २०१६ च्या अखेरीस कॉसमॉसही बंद होण्याच्या बेतात होता. रोको कोमिसो यांनी जानेवारी २०१७ मध्ये तो विकत घेतला.

फेडरेशनने २०१७ साठी एनएएसएल व यूएसएल या दोघींनाही तात्पुरती द्वितीय श्रेणी दिली. पुन्हा आठच संघ उरलेल्या एनएएसएलला २०१८ साठी मात्र ती नाकारण्यात आली. लीगने सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रुकलिन येथील संघराज्य न्यायालयात फेडरेशनविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. एमएलएसच्या हितासाठी स्पर्धक लीगचा गळा आवळला जात आहे, असा तिचा दावा होता. निकष वेळोवेळी बदलले गेले आणि सवलतींची मेहेरबानी फेडरेशनच्या हाती राहिली, ही त्यामागची मुख्य तक्रार. दुसऱ्या बाजूने असे सांगितले गेले, की एनएएसएलला अनेक वर्षे सवलती देऊनही ती निकषांपर्यंत पोहोचली नाही. तातडीचा मनाई हुकूम मिळाला नाही आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये लीगने हंगाम रद्द केला. तिचा अखेरचा विजेता सॅन फ्रान्सिस्को डेल्टाज हा क्लब होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये अंतिम सामना जिंकल्यावर तो लगेच विसर्जित झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्यूरीने फेडरेशन व एमएलएस यांच्या बाजूने निकाल दिला.

यूएसएलचा विस्तार

यूएसएलने २०११ मध्ये तृतीय श्रेणीत नव्याने सुरुवात केली, तीही अडखळत. कॅरिबियनमध्ये विस्तारण्यासाठी घेतलेले पोर्तो रिकोचे तीन संघ हंगाम सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच वगळावे लागले. अँटिग्वा बाराकुडा या संघाला २०१३ मध्ये घरचे मैदानच नव्हते. त्याने सर्व सामने परक्या मैदानांवर खेळले आणि सर्व गमावले.

चित्र पालटले ते २०१३ मध्ये एमएलएसशी झालेल्या करारामुळे. एमएलएसचे राखीव संघ यूएसएलमध्ये खेळू लागले. २०१४ मध्ये १४ असलेली संघसंख्या २०१५ मध्ये २४ आणि २०१९ मध्ये ३६ झाली. राखीव संघांच्या सामन्यांना प्रेक्षक तुरळक असत, परंतु त्यांचे पगार एमएलएसच्या क्लबांकडून होत असल्याने ते बंद पडण्याची भीती नव्हती. स्थैर्य उसने होते असे म्हणता येईल. २०२२ मध्ये एमएलएसने एमएलएस नेक्स्ट प्रो ही स्वतःची तृतीय श्रेणीची लीग २१ संघांसह सुरू केली आणि हे संघ तिकडे वळवले. यूएसएलची स्वतःची तृतीय श्रेणीची लीग वन २०१९ मध्ये दहा संघांसह सुरू झाली होती. तिच्यातील लॅन्सिंगचा संघ पहिल्या हंगामात गुणतक्त्यात दुसरा आला आणि त्याच वर्षी बंद पडला.

क्लब बंद झाल्याचा पहिला फटका खेळाडूंना बसतो. त्यांचे करार बहुधा अल्पमुदतीचे असतात. यूएसएल चॅम्पियनशिपच्या खेळाडूंच्या संघटनेशी लीगचा पहिला सामूहिक करार व्हायला २०२१ साल उजाडले.

रॉचेस्टर

न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर रायनोज या क्लबची कथा या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या क्लबचे सामने पाहायला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरासरी दहा हजारांहून अधिक लोक येत. १९९९ मध्ये त्याने एमएलएसच्या चार संघांना हरवून यूएस ओपन कप जिंकला. एमएलएस सुरू झाल्यापासून ही स्पर्धा जिंकणारा तो एकमेव बिगर-एमएलएस क्लब आहे. बढतीची पद्धत असती तर असा क्लब प्रथम श्रेणीत जाऊ शकला असता. रॉचेस्टरने त्याऐवजी एमएलएसच्या आशेने स्वतःचे स्टेडियम उभारले. ते २००६ मध्ये खुले झाले आणि त्याच्या कर्जाखाली मूळ मालकांना दोन वर्षांत क्लब गमवावा लागला. पुढे मालक बदलत गेले. २०१५ मध्ये यूएसएलचे विजेतेपद मिळाले, पण २०१८ पासून सामने थांबले. इंग्लंडचा खेळाडू जेमी व्हार्डी भागीदार झाल्यावर २०२२ मध्ये क्लब नव्या नावाने एमएलएस नेक्स्ट प्रोमध्ये परतला. मार्च २०२३ मध्ये तो कायमचा बंद झाला.

स्टेडियमचा प्रश्न

स्वतःचे स्टेडियम नसलेला क्लब भाडे आणि तारखांसाठी दुसऱ्यांवर अवलंबून राहतो. सॅन डिएगो लॉयल हा क्लब २०२३ च्या हंगामानंतर बंद झाला. त्याला कायमचे मैदान मिळाले नव्हते आणि त्याच शहरात एमएलएसचा नवा क्लब येऊ घातला होता. ऑस्टिन अ‍ॅझटेक्सचे मैदान मे २०१५ मधील पुरात खराब झाल्यानंतर तो क्लब त्या हंगामापलीकडे खेळला नाही. याउलट लुईव्हिल (२०२०) आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज (२०२१) येथे क्लबसाठी स्टेडियमे बांधली गेली. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेटचे स्टेडियम २०२५ मध्ये खुले झाले. त्यासाठी सार्वजनिक कर्जरोखे काढले गेले. क्लब बुडाला तरी असे कर्ज करदात्यांना फेडावेच लागते, म्हणून अशा प्रकल्पांवर स्थानिक राजकारणात तीव्र मतभेद होतात.

बढती-पदावनतीचा निर्णय

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूएसएलने २०२७-२८ पासून स्वतःची प्रथम श्रेणीची लीग सुरू करण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात तिच्या क्लबमालकांनी आपल्या तीन श्रेणींमध्ये बढती-पदावनती लागू करण्याच्या बाजूने मतदान केले. अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमध्ये असा निर्णय अभूतपूर्व आहे. मात्र फेडरेशनचे निकष श्रेणीनुसार वेगवेगळे आहेत. प्रथम श्रेणीसाठी किमान १५,००० क्षमतेचे स्टेडियम लागते, तर यूएसएलमधील अनेक क्लबांची मैदाने त्याहून बरीच लहान आहेत. गुणतक्त्यात पहिला येऊनही आसनांच्या संख्येत कमी पडणाऱ्या क्लबला वर पाठवायचे की नाही, हा प्रश्न त्यामुळे फेडरेशनपुढे उभा राहतो.