हुबळी-धारवाडच्या पाट्यांवरची लॅटिन

इंग्रजीत लॅटिन शब्द मुख्यतः दोन वाटांनी आले: 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्गे, आणि पुढे विद्वानांनी थेट ग्रंथांतून उचलून. हुबळी-धारवाडच्या पाट्यांवर असे शब्द जागोजागी भेटतात. त्यांतला सर्वांत सुंदर ‘जंक्शन’. त्याचे मूळ लॅटिन ‘युंगेरे’, म्हणजे जोडणे, जुंपणे. संस्कृत ‘युज्’ धातू त्याचा भाऊबंद. ‘योग’ त्याच धातूचा. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ संस्कृत ‘युग’वरून आले, आणि लॅटिनमध्ये त्याच वस्तूला ‘युगुम’ म्हणत. मराठी शेतकऱ्याचे जू आणि हुबळीचे जंक्शन एकाच कुळातले, हे खरोखर विलक्षण आहे!

‘स्टेशन’मागे ‘स्तारे’, उभे राहणे. त्याचे नाते ‘स्था’शी.

दोन्ही शहरांची मिळून 1962 मध्ये महानगरपालिका झाली, म्हणजेच ‘म्युनिसिपल कॉर्पोरेशन’. ‘कॉर्पुस’ म्हणजे शरीर: अनेक माणसांचा कायद्याने बनलेला एक देह. ‘म्युनिसिपल’मध्ये ‘मूनुस’ म्हणजे कर्तव्य आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे, असे दोन शब्द दडले आहेत.

‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द ‘उनिव्हर्सितास’वरून आला. त्याचा अर्थ समग्र समुदाय. मध्ययुगात शिक्षक-विद्यार्थ्यांच्या संघाला तो रूढ झाला. धारवाडच्या 1917 च्या कर्नाटक कॉलेजमधले ‘कॉलेज’ ‘कोलेगियुम’चे, म्हणजे सहकाऱ्यांच्या मंडळाचे रूप आहे.